सही करायच्या आधी: वऱ्हाडातल्या एका बँडला उत्तर

दारव्हा तालुक्यातल्या पाच पोरांच्या बँडने विचारलं आहे: "ताई, आम्ही स्वतःची वऱ्हाडी गाणी करतो. गिटार, पेटी, खंजिरी, काहोन (खोक्यासारखं लाकडी तालवाद्य) अन् दोन गळे. नवरात्रात, भीम जयंतीला कार्यक्रम होतात, यूट्यूबवर थोडंफार पाहिल्या जाते. एका म्युझिक कंपनीचा फोन आला. गाणं रिलीज करून देतो म्हणते, त्याचे ३० हजार मागते. चार पानांचं इंग्रजी अ‍ॅग्रीमेंट पाठवलं आहे. सही करावी काय? नाही तर मोठ्या कंपनीपर्यंत जायचं कसं? अन् बँडचं नाव इंग्रजीत ठेवल्यानं फरक पडते काय?"

सही करू नका, पैसेही देऊ नका. मी मुंबईत एका म्युझिक कंपनीच्या हक्क विभागात बरीच वर्षं काढली आणि आता अमरावतीत छोटा स्टुडिओ चालवते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हे कागद पाहिले आहेत. खरी म्युझिक कंपनी तुमच्या गाण्यावर स्वतःचा पैसा लावते आणि त्या बदल्यात हक्क मागते. जी कंपनी पैसे तुमच्याकडून घेते ती तुम्हाला सेवा विकते आहे. त्यात गैर काही नाही, पण मग हक्कांवर तिचा दावा उरत नाही. तुम्ही पाठवलेल्या कागदात ती ३० हजारही घेते आणि गाण्याचे सगळे हक्क कायमचेही घेते.

रिलीज करणं म्हणजे आता काय उरलंय ते आधी समजून घ्या. कॅसेटच्या काळात कंपनीशिवाय गत्यंतर नव्हतं. हजारो कॅसेटी छापायच्या, त्या नागपूर-अकोल्याच्या दुकानांत पोचवायच्या, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला स्टॉल लावायचे, हे पाच पोरांच्या आवाक्यातलं काम नव्हतंच. आज तेच काम डिस्ट्रिब्युटर करतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर यांसारख्या सेवा काही हजारांच्या आतल्या वर्गणीत तुमचं गाणं स्पॉटिफाय, जिओसावन, अ‍ॅपल म्युझिक, यूट्यूब म्युझिकवर टाकतात आणि हक्क तुमच्याकडेच राहतात. राऊटनोट तर आगाऊ काहीच न घेता मिळकतीतले १५ टक्के ठेवते. गाण्याला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-आकड्यांचा कोड लागतो, तोही हेच लोक देतात. त्या कंपनीने ३० हजारांत जे 'वर्ल्डवाइड रिलीज' लिहिलंय, ते हेच.

मग कंपनी लागते कशाला? व्हिडिओला, प्रसिद्धीला पैसा लागतो म्हणून. प्लेलिस्टवाल्यांशी, टीव्ही-रेडिओवाल्यांशी तिची रोजची ऊठबस असते म्हणून. आणि कोणी तुमचं गाणं उचललं तर तिच्याकडे वकील असतो म्हणून. या तीन गोष्टींची गरज तुम्हाला खरोखर कधी पडेल, ते ओळखणं महत्त्वाचं. माझ्या मते आज पडलेली नाही. तुमची तीन गाणी मी ऐकली, त्यातलं पोळ्याच्या झडत्यांवरचं, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या कवनांवरचं, गाणं सोडलं तर बाकी दोन अजून मंचावर घासली जायची आहेत.

आता मुख्य विषय. पाचांपैकी गाणं कोणाचं?

हा प्रश्न मी विचारला की बँडमधली पोरं एकमेकांकडे पाहून हसतात आणि "सगळ्यांचंच ना ताई" म्हणतात. कायदा असं मानत नाही. एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द, म्हणजे ज्याने लिहिलं त्याचे. चाल, म्हणजे ज्याने बसवली त्याची. आणि तिसरं, ते रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगचा मालक गायक नसतो, स्टुडिओवालाही आपोआप नसतो. ते करायचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली त्याचं ते असतं, आणि व्यवहारात बहुतेक वेळा पैसे लावणारा तोच असतो. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाचा कलाकार म्हणून वेगळा हक्क आहेच.

खेड्यात यातलं तिसरं सगळ्यात जास्त अडतं. गावातले एखादे भाऊ, उद्या जिल्हा परिषदेला उभे राहायचे असतात, ते म्हणतात, "रेकॉर्डिंगचे पंधरा हजार माझ्याकडून." पोरं खूश. व्हिडिओत भाऊंचा फोटो येतो, शुभेच्छुक म्हणून नाव येतं. आणि पुढे गाणं चाललं, कंपनी दारात आली, की भाऊ म्हणतात रेकॉर्डिंग तर माझं. म्हणून पैसे घेतानाच एका कागदावर लिहून घ्या: ही मदत आहे, रेकॉर्डिंगची मालकी बँडची. भाऊंना राग येत नाही, उलट 'मदत' शब्द त्यांना आवडतो.

तुमचा आपसातला करारही आत्ताच करा, गाणं चालायच्या आधी. चाललेल्या गाण्याचे वाटे पाडणं आणि न चाललेल्याचे पाडणं यात फार फरक असतो. कुठल्या गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंगच्या मिळकतीचे वाटे कसे, एक जण नोकरीला पुण्याला गेला तर त्याचं काय, बँडचं नाव कोणाकडे राहणार. महाराष्ट्रात आता करारनाम्याला १०० चा नाही, ५०० चा स्टँप लागतो, म्हणजे पाच जणांत डोई १००. शब्द लिहिणारा आणि चाल लावणारा यांनी आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घ्यावं आणि गाणी तिथे नोंदवावीत. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी ही १९६९ पासूनची संस्था आहे. रेडिओ, टीव्ही, हॉटेल, ऑनलाइन सेवा यांच्याकडून आलेल्या पैशांत तुमचं नाव नसेल तर तुमचा वाटा तुम्हाला शोधत दारव्ह्याला येणार नाही.

दुसऱ्यांची गाणी हा याच्याच शेजारचा घोळ. तुमच्या यादीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं एक खंजिरी भजन आहे आणि एक वामनदादा कर्डकांचं भीमगीत. "ते तर सगळ्यांचे आहेत" हे भावनेनं खरं आहे. पण लेखकाचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षं चालतो. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२८ च्या डिसेंबरअखेर संपतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे २०६४ अखेर. गावच्या प्रार्थनेत भजन म्हणणं वेगळं आणि रेकॉर्ड करून विकणं वेगळं. भजनासाठी चौकशी गुरुकुंज मोझरीच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळापासून सुरू करा, लेखी परवानगी घ्या. तुकारामांचा अभंग मोकळा आहे, पण एखाद्या संगीतकाराने त्याला लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही. भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, पोळ्याच्या पारंपरिक झडत्या यांवर कोणाचाच हक्क नाही, आणि तुम्ही त्यांना लावलेलं नवं संगीत मात्र तुमचं. या बाबतीत वऱ्हाडातला बँड श्रीमंत आहे, आणि कंपन्यांना हे अजून फारसं कळलेलं नाही. इंटरनेटवरून उतरवलेली 'फ्री बीट' तेवढी वापरू नका. तीच बीट आणखी कितीतरी गाण्यांत असते आणि यूट्यूबवर पहिला दावा ठोकणारा जिंकतो.

आता ते चार पानी अ‍ॅग्रीमेंट. इंग्रजी आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, त्यात सहा-सातच वाक्यं कामाची असतात, बाकी भरती.

पहिलं पाहायचं ते 'असाइन' लिहिलंय की 'लायसन्स'. शेत खरेदीखत करून देणं आणि मक्त्यानं देणं यात जो फरक, तोच इथे. लायसन्समध्ये मुदत संपली की गाणं परत तुमच्याकडे येतं. तुमच्या कागदात 'असाइन' आहे, पुढे 'इन पर्पेच्युइटी', म्हणजे कायमचं, आहे आणि 'थ्रूआउट द युनिव्हर्स' आहे. विश्वभर वगैरे वाचून हसू येतं, पण ते तसंच छापलेलं असतं. कॉपीराइट कायद्यात सोय अशी आहे की करारात मुदत लिहिलीच नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपनी दोन्ही न विसरता लिहिते. पहिल्या करारात ३ ते ५ वर्षांचं लायसन्स मागा, तेही एकाच गाण्याचं. दोन-चार गाण्यांचा 'ऑप्शन' कंपनीला देऊ नका. ऑप्शन म्हणजे तिला हवं तर ती घेईल, नको असेल तर तुम्ही वाट पाहत बसाल.

दुसरं, रॉयल्टी. तिसऱ्या पानावर "गीतकार व संगीतकार भविष्यातील सर्व रॉयल्टीवरील हक्क सोडत आहेत" अशा अर्थाचं कलम आहे. हे कलम चालत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला हा हक्क कंपनीला देताही येत नाही आणि सोडताही येत नाही. कंपनीबरोबर समान वाट्याने रॉयल्टी मिळण्याचा तो हक्क आहे, आणि फक्त वारसांना किंवा आयपीआरएससारख्या संस्थेलाच देता येतो. त्याविरुद्ध लिहिलेलं रद्दबातल. तरी छापतात, कारण वाचणारा क्वचितच भांडतो. एखादी कंपनी २०२० नंतरच्या कागदात हे कलम ठेवते, तेव्हा तिचा वकील जुना फॉर्म वापरतोय किंवा समोरचा अडाणी आहे असं धरून चालतोय. दोन्ही लक्षणं वाईट.

तिसरी गोष्ट वसुलीची, आणि इथेच खरा पैसा जातो. समजा एखाद्या बऱ्या कंपनीने तुमच्या गाण्यावर २ लाख खर्च केले आणि तुमचा वाटा २० टक्के ठरला. कागदात लिहिलं असतं, "खर्च वसूल झाल्यावर वाटा देण्यात येईल." वसूल कशातून? एकूण मिळकतीतून की तुमच्या वाट्यातून? एकूण मिळकतीतून असेल तर पहिले २ लाख आले की खर्च फिटला. पुढे गाण्याने एकूण १० लाख कमावले तर उरलेल्या ८ लाखांचे २० टक्के, म्हणजे १ लाख ६० हजार तुमचे, पाच जणांत प्रत्येकी ३२ हजार. तुमच्या वाट्यातून वसुली असेल तर गाणं १० लाख कमावेपर्यंत तुमचे २० टक्के त्या २ लाखांतच जिरतात. त्याच १० लाखांवर तुमच्या हाती शून्य. टक्केवारी तीच, खर्च तोच, एका शब्दाचा फेर. म्हणून २० चे २५ टक्के करून घ्यायला भांडण्याआधी हा शब्द बदलून घ्या. खर्चाला वरची मर्यादा हवी आणि तुम्हाला विचारल्याशिवाय खर्च नाही हेही हवं. नाहीतर प्रसिद्धीच्या नावावर कंपनीच्या दुसऱ्याच गाण्याचा खर्च तुमच्या खात्यात चढतो. दर सहा महिन्यांनी हिशेब आणि तो तपासायचा अधिकार, ही दोन वाक्यं नसतील तर टक्केवारीला अर्थ नाही.

चौथं, 'एक्सक्लुझिव्ह'. तुमच्या कागदात बँडचा प्रत्येक सभासद दुसऱ्या कोणासाठीही गाणार-वाजवणार नाही असं आहे. तुमचा खंजिरीवाला गावच्या भजनी मंडळात बसतो ना? गणपतीत कोणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला की करारभंग झाला. एक्सक्लुझिव्ह फक्त त्या रेकॉर्डिंगपुरतं ठेवा, माणसांपुरतं नको. आणि कार्यक्रमांच्या मानधनात कंपनीचा वाटा असेल तर ते कलम पूर्ण खोडा. नवरात्राचे कार्यक्रम तुम्ही मिळवले आहेत.

यूट्यूबचंही आत्ताच बोलून ठेवा. कंपनी गाणं स्वतःच्या चॅनलवर टाकते. मग कंटेंट आयडी, म्हणजे यूट्यूबची गाणं आपोआप ओळखणारी यंत्रणा, लावते, आणि तुम्ही मंडळासमोर गायलेल्या तुमच्याच गाण्याच्या व्हिडिओवर दावा येतो. तुमचं चॅनल व्हाइटलिस्ट करायचं, म्हणजे या दाव्यांतून वगळायचं, असं लेखी घ्या.

न्यायक्षेत्र मुंबईऐवजी नागपूर मागून पाहा. बहुधा देणार नाहीत, पण मागितल्याने समोरच्याला कळतं की कागद वाचला गेला आहे.

मोठ्या कंपनीपर्यंत जायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. सागरिका, फाउंटन, एव्हरेस्ट, झी म्युझिक, सारेगामा ही नावं तुम्हाला माहीतच आहेत. त्यांच्या मेलवर रोज गाणी येऊन पडतात आणि ऐकणारा माणूस पहिल्या वीस सेकंदांत ठरवतो. तुमच्या झडत्यांच्या गाण्यात पन्नास सेकंद नुसती गिटार आहे. ती कार्यक्रमात ठेवा, पाठवायच्या गाण्यात थेट आवाजानं सुरुवात करा. वीस गाणी पाठवू नका, तीन पाठवा. फाइल जोडू नका, लिंक द्या. गाण्याचे शब्द देवनागरीत, गीतकार-संगीतकाराचं नाव, आणि "सर्व हक्क आमच्याकडे आहेत, लेखी करार आहे" हे एक वाक्य. हक्क विभागात बसून सांगते, या एका वाक्यानं मेल वरच्या ढिगात जातो, कारण निम्मी चांगली गाणी मालकीच्या घोळापायीच मागे पडतात.

सोबत एक लाइव्ह व्हिडिओ हवा, एका दमात घेतलेला, न कापलेला, ज्यात समोरचे लोक तुमच्याबरोबर गाताना दिसतात. व्ह्यूज विकत घेऊ नका. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठले आणि किती वेळ थांबले ते सगळं दिसतं, आणि कंपनी तेच स्क्रीनशॉट मागते. स्पॉटिफायवर बनावट ऐकणाऱ्यांमुळे गाणं काढूनही टाकतात. आकड्यांचं तसंही फार मनाला लावून घेऊ नका. बारा महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेलं नाही तर स्पॉटिफाय त्या गाण्याचे पैसेच देत नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तासांचं पाहणं लागतं, किंवा ९० दिवसांत १ कोटी शॉर्ट्स व्ह्यूज. हा पहिला टप्पा पार केल्याशिवाय मोठ्या कंपनीला मेल करणं म्हणजे वेळ घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो टप्पा मुंबईतून पार होत नाही, मंचावरून होतो. झाडीपट्टीकडे, म्हणजे पूर्व विदर्भाकडे, पाहा. तुमच्यापासून दूर, बोली वेगळी, पण वडसा-देसाईगंजची नाटक मंडळी दिवाळीनंतर सुरू होतात ती होळीच्या सुमारापर्यंत रात्र-रात्र प्रयोग करतात, मंडई (तिकडची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) असलेल्या गावांत तिकीट काढून लोक बसतात. गायक-वादकांना तिथे रोजगार आहे. कुठल्याही बड्या कंपनीशिवाय हा धंदा उभा आहे, आणि त्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तुमच्या भागात तसा हंगाम नाही, पण कॉलेजची स्नेहसंमेलनं आहेत, दुर्गोत्सव आहे, १४ एप्रिल आहे. आकाशवाणीच्या यवतमाळ केंद्रावर ऑडिशनची चौकशी करा. पैसा थोडा, पण मान्यताप्राप्त कलाकार म्हणून नाव लागतं आणि सरकारी कार्यक्रमांत ते विचारतात.

रेकॉर्डिंगबद्दल एकच सांगते, कारण तुमचा आवाज टिनाच्या खोलीतून आल्यासारखा वाजतो आणि तो तसाच आला असणार. शहरातल्या स्टुडिओचे तास परवडत नसतील तर कापूस घरात येईपर्यंत थांबा. भाव येईपर्यंत ज्या खोलीत कापसाची गंजी लावता, तिच्यासमोर उभं राहून गा. सैल कापूस आवाजाचा घुमारा गिळून टाकतो. गंजीकडे तोंड गायकाचं हवं, माइकची पाठ गंजीकडे. पंखा बंद, फ्रीज बंद, मोबाइल बाहेर. दोन गायकांचे आवाज वेगळे घ्या, खंजिरी सगळ्यात शेवटी आणि माइकपासून चार-पाच फूट लांब, नाहीतर तिच्या झांजा सगळं झाकून टाकतात. खोलीत बिडी-काडी अजिबात नको, हे सांगायला नकोच. अंगाला खाज सुटेल, फुल बाह्यांचा सदरा घाला. असे आवाज आणून दिले तर मिक्सिंगचाच खर्च राहतो, आणि तुमच्या ३० हजारांत तीन गाणी होऊन थोडे उरतीलही.

गाणी तयार झाली की रिलीजची तारीख निदान तीन आठवडे पुढची टाका. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी टाकावं लागतं, आणि डिस्ट्रिब्युटरलाही पोचवायला वेळ लागतो. झडत्यांचं गाणं पोळ्याच्या आदल्या दिवशी अपलोड करून पोळ्याला ते सापडत नाही म्हणून रडणारे मी पाहिले आहेत.

राहिलं नाव. इंग्रजी-मराठीनं काही बिघडत नाही, दुसऱ्या कोणाचं नसावं एवढं पाहा. यूट्यूब, स्पॉटिफाय, जिओसावन तिन्हीकडे शोधा. 'स्वर', 'झंकार', 'सरगम' असलं काही ठेवलंत तर तुमची गाणी भलत्याच ऑर्केस्ट्राच्या पानावर जाऊन बसतील. वऱ्हाडी नाव ठेवणार असाल आणि त्यात 'ळ' किंवा 'ऱ्ह' असेल तर रोमन लिपीत चार जण चार तऱ्हांनी लिहितात. पहिल्या रिलीजच्या आधी एक स्पेलिंग ठरवा, पाचही जणांनी तेच वापरा, कारण दोन स्पेलिंगची दोन पानं झाली की ती एकत्र करून घ्यायला डिस्ट्रिब्युटरशी मेलामेली करावी लागते. नाव पक्कं झालं की ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज टाका. व्यक्तीच्या नावाने एका वर्गाचे ४५०० रुपये पडतात, आणि मनोरंजनाचा वर्ग ४१ आहे.

त्या कंपनीला एवढंच कळवा: "पैसे देऊन रिलीज करायचं नाही. तुमच्या खर्चाने तीन वर्षांचं लायसन्स हवं असेल तर नवा मसुदा पाठवा." मसुदा आला तर सही करण्याआधी मला दाखवा. फोटो साफ काढता आला नाही तर पोस्टानं पाठवा.